करवतीचा दुसरा माणूस

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत एका तहामुळे आले. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात इथे तह झाला. त्याआधीच्या साडेतीन महिन्यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. २३ सप्टेंबरला असईची लढाई, २९ नोव्हेंबरला अडगावची, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांनी देवगावला सही केली आणि मग शिंद्यांची पाळी आली. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. परीक्षेपुरता इतिहास इथे संपतो.

या सगळ्यात एक रस्ताही आहे. गाविलगड १४२५ मध्ये अहमदशाह वली बहमनीने बांधला असे फरिश्ता सांगतो. हा किल्ला खालून, मैदानाच्या बाजूने घेणे जवळजवळ अशक्य होते. तो उत्तरेकडून, म्हणजे मेळघाटच्या डोंगरातूनच घेता येणार होता. म्हणून ७ डिसेंबरला कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून निघाली आणि डोंगराला वळसा घालून १२ डिसेंबरला किल्ल्याच्या उत्तरेला लबाड्याजवळ पोहोचली. अंतर सुमारे ३० मैल. वेलस्लीने वर पाठवलेल्या अहवालात म्हटले आहे की जड तोफा जवळजवळ सगळी वाट माणसांनी हाताने ओढून नेल्या, आणि ज्या रस्त्याने नेल्या तो रस्ताही फौजेला आधी स्वतःच तयार करावा लागला. मेळघाटात रस्ता तयार करणे म्हणजे दगड फोडणे आणि झाडे तोडणे. तहाची कलमे सगळे सांगतात, पण ती झाडे कोणी तोडली, कशाने तोडली, त्यात कोणाचे हात-पाय गेले, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

मला हा प्रश्न सुचला तो एका अगदी साध्या चौकशीमुळे. आमच्या भागात झाडे तोडण्याचे, छाटण्याचे काम करणारी तरुण पोरे हल्ली एकच गोष्ट विचारतात, "भाई, मशीन कोन्ती घेऊ?" मशीन म्हणजे चेन-सॉ, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. त्यांना मधल्या आकाराची हवी असते. फार छोटी नको, कारण बांधावरची जुनी बाभूळ तिला आवरत नाही. फार मोठीही नको, कारण ती दिवसभर हातात धरवत नाही. दुकानदार या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या नावाने देतो. माझ्या मते त्याचे उत्तर या मशीनच्या इतिहासात आहे. तो कळला की कंपनीचे नाव दुय्यम ठरते.

सुरुवात शब्दांपासून करू. आपल्याकडे लाकूड कापायच्या अवजाराला दोन घराण्यांतली नावे आहेत. करवत हा शब्द संस्कृत 'करपत्र'वरून आला. आरा आणि आरी फारसीतल्या 'अर्रा'वरून आले, आणि आरा ओढणारा तो आराकश. आज वऱ्हाडात सुताराच्या हातात करवत आणि आरी दोन्ही असतात, आणि लाकडाच्या गिरणीला आपण सगळेच आरामशीन म्हणतो. अवजार इतके जुने आणि भीतिदायक की दोन्ही परंपरांच्या कथांतही ते शिरले. काशीला जाऊन करवतीखाली देह ठेवला की मोक्ष मिळतो अशी एक समजूत होती. नबींच्या किश्श्यांत हजरत जकरियांची कथा आहे. ते झाडाच्या पोटात लपले आणि शत्रूंनी झाडासकट त्यांच्यावर आरा चालवला.

जुन्या मोठ्या आऱ्याला दोन माणसे लागत. ओंडका माचीवर चढवायचा, एक माणूस वर, एक खाली. वरचा सुताने मारलेली रेघ पाहणार, खालचा डोळे मिटून भुसा झेलणार. उभे झाड पाडतानाही बुंध्याच्या दोन बाजूंना दोघे बसत. या कामाचा एक नियम होता. आरा फक्त आपल्याकडे ओढायचा, समोरच्याकडे ढकलायचा नाही. ढकलला तर पाते वाकते, अडकते आणि समोरचा चिडतो. म्हणजे प्रत्येकाच्या हातात अर्धेच काम असे, उरलेले अर्धे दुसऱ्याच्या. अशी करवत थांबवायला ब्रेक लागत नसे. एकाने हात सैल सोडला की ती थांबे. शिवाय एकाची नजर पात्यावर असताना दुसऱ्याची झाडाच्या शेंड्याकडे जाऊ शके. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या माणसाचा आहे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्याच काळात भुसावळहून वऱ्हाड ओलांडून जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. रेल्वेला स्लीपर हवेत, जळण हवे, स्टेशनांना वासे हवेत. जंगलावर सरकारची नजर आली ती या घाईत. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस हा जर्मन माणूस हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला. त्याच्या पुढाकाराने तरुण अधिकारी शिकायला फ्रान्समधल्या नान्सीच्या वनशाळेत जाऊ लागले. तिथून आलेला एक शब्द मेळघाटात आजही रोज वापरला जातो. तो म्हणजे कूप. तोडणीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याला वनखाते कूप म्हणते. मराठी माणसाला वाटते विहिरीचा कूप, पण हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थच मुळी 'कापणे' असा आहे. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा वन कायदा इथे थेट लागू होत नव्हता, म्हणून १८८६ मध्ये वऱ्हाडसाठी वेगळा वन कायदा केला गेला.

या नव्या वनशास्त्राला कुऱ्हाड आवडत नव्हती. कुऱ्हाडीने झाड पाडायचे तर बुंध्यात मोठी पाचरीसारखी खाच घ्यावी लागते. त्या खाचेतले लाकूड, आणि बऱ्याचदा सगळ्यात चांगले लाकूड, ढलप्या होऊन जाते. करवतीची चीर काही मिलिमीटरची. म्हणून बुंध्याशी करवत आणि फांद्यांना कुऱ्हाड अशी विभागणी वनखात्याच्या कामात रुजली. ज्यांच्या हातात पिढ्यानपिढ्या कुऱ्हाड होती त्या कोरकूंना सरकारी कामात करवत मिळाली, आणि सरकारी परवानगीशिवाय कुऱ्हाड घेऊन जंगलात दिसणे हा संशयाचा विषय झाला. हत्याराला आरोपी करण्याची ही सवय पुढे १९२७च्या भारतीय वन कायद्यातही राहिली. वनगुन्ह्यात लाकडासोबत हत्यारे, गाडी, बैल जप्त करता येतात. आजची मशीन या तरतुदीतल्या 'हत्यारे' या शब्दात मोडते. हजारो रुपये घालून घेतलेली मशीन एका कागदाअभावी वनखात्याच्या आवारात गंजत पडू शकते, हे खरेदीआधीच ठाऊक असावे.

आता मशीनकडे येऊ. साखळीने कापायची कल्पना लाकूडतोड्यांची नाही, डॉक्टरांची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन वैद्यांनी हाडे कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली. ती दोन टोकांना धरून ओढायची, म्हणजे तत्त्व आऱ्याचेच. १८३०च्या सुमारास जर्मनीत वुर्झबर्गच्या बर्नहार्ड हाइनने एका पट्टीभोवती फिरणारी साखळी बसवून हाताने फिरवायचा दांडा लावला. त्याचे चित्र पाहिले तर आजची चेन-सॉच बाहुलीच्या आकारात दिसते. भूल द्यायचे औषध अजून यायचे होते, त्यामुळे रुग्णाचे काय होत असेल याची कल्पना न केलेली बरी.

लाकडासाठी ही साखळी यायला आणखी शंभर वर्षे लागली, कारण तेवढ्या ताकदीचे हलके इंजिन नव्हते. १९२६ मध्ये आंद्रेआस श्टील या जर्मन इंजिनिअरने विजेवर चालणारी साखळी-करवत आणली. वजन ४८ किलोच्या घरात. १९२७ मध्ये एमिल लेर्पने थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलची मशीन चालवून दाखवली आणि कंपनीला डोंगराचेच नाव दिले. १९२९ मध्ये श्टीलचीही पेट्रोलवरची मशीन आली, सुमारे ४६ किलोची. या सगळ्यांना दोन माणसे लागत. एकाने इंजिन धरायचे आणि दुसऱ्याने पट्टीच्या टोकाला लावलेली मूठ. इंजिन आले तरी आराकशांची जोडी तुटली नव्हती.

ती तुटली दुसऱ्या महायुद्धानंतर. हलके मिश्रधातू आले आणि डायफ्रॅमचा कार्बोरेटर आला. त्याआधीच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता गोळा असे, त्यामुळे मशीन आडवी केली की इंजिन बंद पडे. आता ती कशीही वळवता येऊ लागली. १९४९ मध्ये अमेरिकेत मॅक्युलॉकची २५ पौंडांची, म्हणजे साडेअकरा किलोच्या आतली मशीन आली. १९५० मध्ये श्टीलची एकट्याने चालवायची मशीन आली. १९५९च्या श्टीलच्या 'काँट्रा'मध्ये मधले गिअर काढून इंजिनने साखळी थेट फिरवली, वजन १२ किलोच्या आसपास. त्याच वर्षी स्वीडनची हुस्कवर्ना कंपनी या धंद्यात उतरली. दहा वर्षांत जगभरच्या जंगलांत दोघांचे काम एकाचे झाले.

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते, म्हणून सांगतो. त्या वेळच्या साखळीचे दाते आपल्या आऱ्यासारखे टोकदार असत. लाकूड खरवडत, लवकर बोथट होत, आणि धार लावायला अर्धा दिवस जाई. ऑरेगनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती उभ्या-आडव्या कुठल्याही रेषांतून सहज वाट काढत होती. तिचे जबडे डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने लाकूड काढतात हे त्याने निरखले आणि तसेच वाकलेले डावे-उजवे दाते साखळीला दिले. १९४७ मध्ये पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात त्याने त्या साखळ्या बनवायला सुरुवात केली. आज अंजनगावच्या बांधावर फिरणारी कुठल्याही कंपनीची साखळी त्या अळीच्या जबड्याची नक्कल आहे. कापसातली बोंडअळी आणि बुंधा पोखरणारी अळी एवढ्याच आपल्याला ठाऊक, त्यामुळे अळीचे आभार मानायची वेळ तशी विरळाच.

दुसरा माणूस गेला तेव्हा त्याच्याबरोबर काय गेले? मजुरी वाचली हे लगेच कळले. बाकीचे कळायला वीसेक वर्षे लागली. पहिली गोष्ट म्हणजे मशीनचा हादरा आता एकाच्याच हातात आला. थरथरणाऱ्या हत्याराने बोटे पांढरी पडतात, सुन्न होतात, हे वैद्यकाला नवे नव्हते. १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी अमेरिकेतल्या इंडियानातील दगड घडवणाऱ्या कामगारांच्या हातांत ते पाहून लिहून ठेवले होते. पण लाकूडतोड्यांपर्यंत ते ज्ञान पोहोचले नाही. जपानमध्ये १९५४च्या तुफानाने होक्काइदो बेटावरचे जंगल आडवे झाले. पडलेले लाकूड उचलायच्या घाईत चेन-सॉ मोठ्या संख्येने आल्या. दहा वर्षांत सरकारी वनकामगारांची बोटे थंडीत मेणासारखी पांढरी पडू लागली. तिथे त्या आजाराला पांढऱ्या मेणाचाच अर्थ असलेले नाव पडले. कामगार संघटना भांडल्या आणि १९६०च्या दशकाच्या शेवटी एका माणसाने दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त मशीन धरू नये, असा नियम तिथल्या सरकारी जंगलांत आला. ब्रिटन, स्वीडन, फिनलंडमध्येही त्याच सुमारास डॉक्टरांनी हात तपासले. मग कंपन्यांना जाग आली. इंजिन आणि मूठ यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग घालून हादरा अडवायची सोय १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मशीनमध्ये येऊ लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे उसळी. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की दाते कापण्याऐवजी अडकतात, आणि साखळीचा सगळा जोर पट्टीला वर आणि मागे, धरणाऱ्याच्या तोंडा-मानेकडे फेकतो. सगळा प्रकार सेकंदाच्या दहाव्या भागात होऊन जातो. पूर्वी पट्टीच्या टोकाला दुसऱ्या माणसाची मूठ होती, तेव्हा ते टोक मोकळे उसळू शकत नव्हते. एकट्याच्या मशीनला ते टोक मोकळे झाले. त्यावर तोडगा म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चेन-ब्रेक आला. पुढच्या मुठीसमोर जो उभा पंजा दिसतो तोच ब्रेकचा दांडा. उसळीत मनगट त्यावर आपटते किंवा झटक्यानेच तो पुढे पडतो, आणि साखळी जागच्या जागी थांबते.

म्हणजे आजच्या चांगल्या मशीनवर जे रबर-स्प्रिंग आहेत आणि जो ब्रेक आहे, ती त्या गेलेल्या माणसाच्या कामाची भरपाई आहे. ती अनेकांची बोटे आणि अनेकांचे चेहरे देऊन मिळाली आहे. स्वस्त मशीन घेताना नेमके हेच भाग कमअस्सल मिळतात. इंजिनाची नक्कल करणे आता सोपे झाले आहे. ५८ सीसीची, २२ इंची पट्टीची चिनी मशीन ऑनलाइन काही हजारांत घरपोच येते. नावाजलेल्या कंपनीची त्याच ताकदीची मशीन कित्येक पट महाग असते. दोन्ही सुरू केल्या तर आवाज सारखाच. गिऱ्हाईक आवाजाला भुलते.

आता तो प्रश्न. मधल्या आकाराची मशीन म्हणजे साधारण ५० ते ६० सीसीचे इंजिन, १६ ते २० इंचांची पट्टी, आणि पट्टी-साखळी सोडून पाच ते सहा किलो वजन. तेल-पेट्रोल भरून, पट्टी लावून ती सात किलोच्या पुढे जाते. अंजनगावच्या कामाला यातली कोणती, हे झाडे ठरवतात. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत गेला. आज खासगी मशीनवाल्याचे काम जंगलात नाही, ते शेतात, रस्त्यावर आणि अंगणात आहे. वाळत चाललेली संत्र्याची बाग काढायची, बांधावरची बाभूळ, घरावर झुकलेला कडुलिंब, कधीमधी जुनी चिंच किंवा आंबा. संत्र्याचे खोड बारीक, त्याला ४० सीसीही पुरते. बाभूळ आणि चिंच कठीण. सागात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, तो धार खातो. सगळ्यात चिवट ते अंजन, जे आमच्या गावाच्या नावातही ऐकू येते. देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी ते एक, पाण्यात टाकले तर बुडते. पण ते रोज समोर येत नाही.

हा सगळा हिशेब मांडला तर माझे मत ५० सीसी आणि १८ इंची पट्टीकडे झुकते. संत्रा आणि बाभूळच जास्त असेल तर १६ इंचीही चालेल. १८ इंची पट्टीने दोन्ही बाजूंनी कापत गेले तर अडीच फुटांपेक्षा जाड बुंधाही पडतो, आणि तेवढा बुंधा वर्षातून कितीदा येतो? ६० सीसी घ्यायची ती ज्याला रोज चिंच-आंब्याचे ओंडके पाडायचे आहेत त्याने. २२ इंची पट्टीचा मोह मात्र टाळावा. ५८ सीसीला ती जड जाते. कठीण लाकडात साखळी मंदावते, तापते, ताणली जाते. लांब पट्टीचे टोक कुठे टेकते आहे तेही दिसत नाही, आणि उसळी टोकातूनच येते. ५० सीसीच्या मशीनला बहुधा .३२५ इंच पिचची साखळी येते, ६०च्या वर ३/८ इंचाची. .३२५ला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. आपल्या मशीनची कानस कोणती हे विचारून घ्यावे, कारण चुकीच्या कानशीने दात्याचा कोन बिघडतो आणि मग पोरे मशीनवर छाती टेकून जोर देतात.

दुकानात मशीन हातात आली की आधी बंदच ठेवून ब्रेक पुढे ढकलावा आणि हातमोजा घालून साखळी ओढून पाहावी. ती हलता कामा नये. मग सुरू करायला सांगावे. थ्रॉटल सोडलेला असताना साखळी फिरत असेल तर ती मशीन तशी घेऊ नये. थ्रॉटल दाबून मनगटाने ब्रेक ढकलला तर साखळी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच थांबली पाहिजे. काही स्वस्त मशीनींवर तो पंजा दिसायला असतो पण ब्रेक लागतच नाही किंवा रेंगाळत लागतो. मागच्या मुठीवरची कळ दाबल्याशिवाय थ्रॉटल दाबला जाऊ नये. मूठ हाताने हलवली तर इंजिनापासून ती किंचित वेगळी डुलली पाहिजे. अगदी घट्ट असेल तर हादरा सरळ कोपरापर्यंत येणार. आणि एक प्रश्न दुकानदाराला: स्प्रॉकेट, एअर फिल्टर आणि क्लचची स्प्रिंग अमरावती, अकोला किंवा परतवाड्यात आजच्या आज मिळते का? काळ्या मातीच्या धुळीत फिल्टर रोज झटकावा लागतो. त्याचे झाकण पान्याशिवाय उघडत नसेल तर तो रोज झटकला जाणार नाही, हे माणसाच्या स्वभावातच आहे.

इंधनाचे दोन शब्द. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचे ऑइल कंपनी सांगेल त्याच प्रमाणात घालावे. चांगल्या ऑइलला ते बहुधा ५०ला १ असते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढते आणि महिनाभर टाकीत राहिले की कार्बोरेटरचा डायफ्रॅम खराब करते. पावसाळ्यात काम थांबले तर टाकी रिकामी करून ठेवावी. साखळीच्या टाकीत गाडीचे जळके ऑइल घालायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. त्यातला धातूचा चुरा पट्टी खातो. शिवाय हे ऑइल कापताना फवाऱ्यासारखे उडते. अंजनगावचे पानमळे प्रसिद्ध आहेत. मळ्यातल्या शेवरी-पांगाऱ्याची छाटणी करताना ते उडणार पानांवर, आणि पान जाणार माणसाच्या तोंडात. तिथे मशीन नेऊच नये, कोयता पुरतो.

मधल्या आकाराची मशीन झाडावर चढून एका हाताने चालवायची गोष्टही विसरावी. दोन्ही मुठी दोन हातांत असतील तरच ब्रेक उपयोगाचा. वर चढून कापायला छोटी, वरच्या मुठीची वेगळी मशीन असते आणि तिलाही शिकलेला माणूस लागतो. आपल्याकडे कमरेला दोर बांधून, एका हाताने फांदी धरून, दुसऱ्या हातात ५८ सीसी चालवणारी पोरे मी पाहिली आहेत. त्यांच्या धाडसाचे कौतुक करणारे खाली पुष्कळ असतात. वर छाटणी जास्त असेल तर जुनी हातकरवत आणि दोर यांनी काम हळू होते, पण होते.

कागदाचेही पाहून घ्यावे. शेतातले झाड शेतकऱ्याचे असले तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४च्या यादीतल्या झाडांना परवानगी लागते. त्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ आहेत आणि आपले अंजनही. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५चा वेगळा कायदा आहे. परवानगी मालकाने काढायची असते, पण जागेवर सापडते ती मशीन. म्हणून परवानगीची प्रत मोबाइलमध्ये घेतल्याशिवाय दोरी ओढू नये.

आणि राहिला तो दुसरा माणूस. हादऱ्याला स्प्रिंग मिळाली, उसळीला ब्रेक मिळाला. पण शेंड्याकडे पाहणारी त्याची नजर? तिच्या जागी कुठल्याही कंपनीने आजवर काही बसवलेले नाही. कापणाऱ्याची मान खाली असते, कानाशी १०० डेसिबलच्या वर आवाज असतो. झाडाने कूस बदलली, वाळलेली फांदी सुटली, खालून एखादे पोर किंवा बकरी आली, हे त्याला कळत नाही. उधळ्या भावाने, म्हणजे झाड एकरकमी ठरवून घेतलेल्या ठेक्यात पहिली काटछाट होते ती याच माणसाच्या मजुरीची. तेव्हा भाव सांगतानाच दोघांचा सांगावा. मशीनसोबत कान झाकायचे आणि डोळे झाकायचे साहित्य घ्यावे. मांडीवर घालायची जाड चापही घ्यावी, तिच्या आतले लांब धागे साखळीत गुंतून ती थांबवतात. ४५ अंशांच्या उन्हात ती नको वाटते हे खरे, म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करून दहाला थांबवणारे लोक शहाणे. कान झाकलेले असले की हाक ऐकू येत नाही. दुसऱ्याने झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, कापणाऱ्याला दिसेल असे समोर उभे राहावे, पाठीमागून येऊन खांद्याला हात लावू नये. थांबवायचे असेल तर दोन्ही हात डोक्यावर करावेत. कापणाऱ्याने थ्रॉटल सोडायचा, ब्रेक पुढे ढकलायचा, आणि मगच कानावरचे झाकण उचलून विचारायचे की काय झाले.